अंगठ्यापुरती भूल

पायाच्या अंगठ्याला चार मज्जातंतू येतात. दोन वरच्या अंगाने, दोन तळव्याच्या अंगाने, चारही हाडाला बिलगून नखाकडे गेलेले. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिलिटर औषध सोडलं की हे चारही गप्प बसतात. मग रुग्ण शुद्धीवर, ऊसदराच्या गप्पा मारत असताना त्याचं मांसात रुतलेलं नख काढता येतं. पायावरच्या शस्त्रक्रियांमधली ही सगळ्यात लहान शस्त्रक्रिया. जिथे पायाचं शास्त्र स्वतंत्र विषय म्हणून शिकवतात, तिथे विद्यार्थ्याच्या हातात सुई आणि सुरी पहिल्यांदा येते ती बहुधा याच कामासाठी.

या शास्त्राचं नाव पोडियाट्री. ब्रिटनमध्ये त्याची तीन-चार वर्षांची पदवी असते, ‘पोडियाट्रिस्ट’ ही उपाधी कायद्याने राखीव आहे आणि जागेवरची भूल व नखाची शस्त्रक्रिया पदवीच्या अभ्यासातच येते. हाडाला हात लावायचा तर त्यापुढे आणखी काही वर्षं घालवावी लागतात. अमेरिकेत चार वर्षं शिक्षण, तीन वर्षं रुग्णालयात उमेदवारी आणि मग तो माणूस पायाचा सर्जन. आपल्याकडे हा पेशा अजून रुजलेला नाही. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ मध्ये जो केंद्रीय कायदा झाला, त्याच्या यादीत पोडियाट्रिस्टचं नाव आलं आहे. पण यादीत नाव येणं वेगळं आणि तालुक्याच्या गावी पाटी लागणं वेगळं. बेंगळुरू आणि कोचीच्या काही संस्थांत पायाच्या शस्त्रक्रियेची फेलोशिप मिळते, तीही आधीच डॉक्टर झालेल्यांना. भूल देणं आणि कापणं हे काम आपल्याकडे नोंदणीकृत डॉक्टरचं. त्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलसारख्या ठिकाणी या विषयाचा ‘विद्यार्थी’ कोण, असं विचारलं तर माझं उत्तर असं: एमबीबीएस होऊन ग्रामीण रुग्णालयात नुकताच लागलेला तरुण डॉक्टर आणि त्याच्या शेजारी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन उभी असलेली सिस्टर. दोघांना एकत्रच शिकवावं लागतं. का, ते पुढे येईलच.

शिकायला पाय कमी पडणार नाहीत. कागल तालुका या बाबतीत सढळ आहे. उसाला पाणी पाजताना माणूस घोट्याएवढ्या चिखलात तासन् तास उभा असतो, म्हणून पावसाळाभर बोटांच्या बेचक्यात चिखल्या. तोडणी झालेल्या रानात उसाचे बुडखे तिरके कापलेले राहतात आणि स्लीपरच्या तळातून आरपार जातात. पंचतारांकित एमआयडीसीतल्या पोरांना आठ-आठ तास पोलादी टोकाचे बूट घालावे लागतात, त्यात घाम आणि दाबलेली बोटं; रुतलेल्या नखांची मोठी भरती तिकडून होते. शिवाय अमावास्येला संत बाळूमामांच्या आदमापूरला अनवाणी चालत जाणारे आहेतच. त्यात पन्नाशीपुढचे, शुगर असलेले किती, हे तळवे बघितल्याशिवाय कळत नाही.

सुश्रुतसंहितेत पायाच्या या किरकोळ दुखण्यांना स्वतंत्र नावं आहेत. चिखल्यांना अलस, भेगांना पाददारी, कुरूपाला कदर, नखाच्या पुवाळण्याला चिप्प. अलस दूषित चिखलाने होतो, हेही तिथे सांगितलं आहे. कुरूप कापून काढावं आणि तापलेल्या तेलाने डाग द्यावा, हा त्यावरचा उपाय. भुलीशिवाय. ते कसं सोसत असतील, हा विचार मी लांबवत नाही.

पण सुश्रुताकडून घेण्यासारखी जास्त मोलाची गोष्ट उपायांत नाही, शिकवण्याच्या पद्धतीत आहे. सूत्रस्थानाचा नववा अध्याय फक्त सरावावर आहे. कितीही शास्त्र वाचलेला असला तरी ज्याने हाताने सराव केला नाही तो कामाला लायक नाही, असं स्पष्ट सांगून मग कोणतं कौशल्य कशावर घटवायचं याची यादीच दिली आहे. कापण्याचा सराव कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडीवर. चिरा देण्याचा, पाणी आणि चिखल भरलेल्या कातडी पिशवीवर. खरवडण्याचा, केसांसकट ताणून धरलेल्या कातड्यावर. शीर टोचण्याचा, मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. जखमेत सळई घालून तिचा मार्ग शोधण्याचा, किडीने पोखरलेल्या लाकडावर. टाके घालण्याचा, जाड कापडावर आणि मऊ कातड्यावर.

आजच्या शिकवणीत वस्तू बदलल्या, क्रम तोच राहिला. सुई आणि सिरिंजची ओळख संत्र्यावर होते. सालीचा कडकपणा संपून सुई आत सुटते तो क्षण बोटांना कळायला लागतो. सुरी पेनासारखी धरून पातळ पापुद्रा काढायचा सराव साबणाच्या वडीवर करता येतो. पापुद्रा एकसारखा, मागचं अक्षर दिसेल इतका पातळ निघाला की हात बसला म्हणायचं. मटणाच्या दुकानातून आणलेले बकऱ्याचे पाय किंवा कोंबडीचे पाय यांत कातडी, शिरदोर (टेंडन) आणि हाड हे तिन्ही थर मिळतात. सुई हाडाला टेकल्यावर कशी अडते आणि शिरदोरात घुसल्यावर औषध ढकलताना अंगठ्याला किती जोर लागतो, हा फरक पुस्तकात वाचून कळत नाही. ब्रिटनमधल्या काही विद्यापीठांत विद्यार्थी पुढची पायरी म्हणून एकमेकांच्या पायाला भूल देऊन शिकतात. अर्थात संमती घेऊन. सुई घाईने मारली तर काय होतं, हे एकदा स्वतःच्या अंगठ्यावर झालं की पुन्हा सांगावं लागत नाही.

सुई धरायला शिकण्याआधी मात्र हिशेब शिकावा लागतो. हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि नेमका इथेच जीव जातो, म्हणून थोडं थांबू.

जागेवरच्या भुलीचं रोजचं औषध लिग्नोकेन. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी ते तयार केलं, १९४८ पासून बाजारात आलं. त्याआधी प्रोकेन होतं आणि त्याच्याही आधी, १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने डोळ्यासाठी वापरलेलं कोकेन. आपल्या दवाखान्यांत लिग्नोकेनची २ टक्क्यांची ३० मिलिलिटरची बाटली सर्रास असते. २ टक्के म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये २ ग्रॅम, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. आख्ख्या बाटलीत ६०० मिलिग्रॅम. आता सुरक्षित मर्यादा बघा. अ‍ॅड्रिनॅलिन न मिसळलेलं लिग्नोकेन किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत ठेवावं, हा सावध नियम. काही पुस्तकं साडेचारपर्यंत जातात. साठ किलोच्या शेतकऱ्याला सावध नियमाने १८० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं ९ मिलिलिटर. पण बीडकडून हंगामाला आलेली ऊसतोडणीची बाई पंचेचाळीस किलोची असेल तर? १३५ मिलिग्रॅम. म्हणजे पावणेसात मिलिलिटर. एका अंगठ्याला तीन मिलिलिटर पुरतं. दोन्ही अंगठ्यांना सहा, आणि वर ‘अजून थोडं दुखतंय’ म्हणून दोन टोचले की मर्यादा ओलांडली. हा हिशेब सुई भरण्याआधी कागदावर मांडायचा आणि सिस्टरने तो मोठ्याने वाचायचा, हा नियम पहिल्या दिवसापासून लावावा. एक टक्क्याचं औषध वापरलं तर तेवढ्याच मिलिग्रॅममध्ये दुप्पट मिलिलिटर मिळतात आणि अंगठ्याला ते बहुतेक वेळा पुरतं, हेही त्याच हिशेबातून विद्यार्थ्याच्या लक्षात येतं.

मात्रा जास्त झाली, किंवा सुई चुकून रक्तवाहिनीत गेली, तर आधी ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण. मग असंबद्ध बोलणं, झटके, आणि शेवटी हृदयाचा ठोका बिघडतो. यातला पहिला भाग रुग्ण स्वतः सांगू शकतो, पण त्याला विचारलं तरच. म्हणून औषध सोडताना त्याच्याशी बोलत राहणं हा तंत्राचाच भाग आहे. उपचाराला प्राणवायू, झटके थांबवणारं औषध आणि शिरेतून द्यायचं २० टक्के स्निग्ध द्रावण लागतं. हे हाताशी नसेल तर मोठी मात्रा लागणारं काम तिथे करायचंच नाही. दुसरी दक्षता बाटलीच्या लेबलची. अ‍ॅड्रिनॅलिन मिसळलेलं लिग्नोकेनही तशाच बाटलीत येतं. ते रक्तवाहिन्या आवळतं. निरोगी बोटांत ते तितकं धोक्याचं नाही असं आता बरेच जण मानतात; पण ज्याचा रक्तपुरवठा मुळातच बेताचा, त्याच्या बोटात ते जाऊ नये. शिकाऊ हातांसाठी नियम सोपा ठेवलेला बरा: बोटाला साधंच.

आता प्रत्यक्ष काम. समजा, एमआयडीसीतला पंचविशीचा मुलगा आहे, अंगठ्याच्या आतल्या बाजूचं नख रुतलंय, कडेला लाल मांस वाढलंय. त्याला ‘उपाशीपोटी या’ म्हणून सांगितलेलं असतं, कारण ऑपरेशन म्हटलं की उपास हे डोक्यात पक्कं बसलेलं. अंगठ्यापुरत्या भुलीला उपास लागत नाही. उलट शुगरच्या गोळ्या घेऊन उपाशी आलेला रुग्ण टेबलावरच घामाघूम होतो. जेवून या, असं सांगायला शिकणं हासुद्धा अभ्यासक्रमाचाच भाग. रुग्णाला आडवं झोपवायचं, बसवून कधीच नाही. धडधाकट गडीसुद्धा सुई बघून चक्कर येऊन पडतात. कुठला पाय, कुठली कड, हे त्याच्याकडून वदवून घेऊन पेनने खूण करायची.

सुई बारीक, सत्तावीस किंवा तीस गेजची. अंगठ्याच्या बुडाशी, वरच्या बाजूने, कडेला टोचायची. आधी कातडीखाली थोडं औषध सोडून फुगवटा आणायचा, थांबायचं. मग हाडाच्या कडेकडेने तळव्याकडे उतरायचं. तळव्याच्या कातडीला सुईचं टोक आतून टेकलेलं बोटाला जाणवेल, तिथपर्यंत. दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना बघायचं आणि मागे येता येता औषध सोडायचं. दुसऱ्या बाजूलाही तेच. वेदना सुईपेक्षा औषधाच्या वेगाने जास्त होते, त्यामुळे सावकाश. सगळ्यात अवघड पायरी त्यापुढची: दहा मिनिटं काही न करता थांबणं. नवशिक्याची भूल फसते ती बहुधा या दहा मिनिटांत. औषध बरोबर जागी असतं, डॉक्टरच घाईत असतो.

लिग्नोकेन मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरतं आणि आतून सोडियमची दारं बंद करतं. संदेश पुढे सरकत नाही. वेदना वाहून नेणारे बारीक तंतू लवकर बधिर होतात, दाब आणि स्पर्श नेणारे जाड तंतू उशिरा. म्हणून रुग्णाला आधीच सांगून ठेवायचं की दुखणार नाही, पण दाबल्यासारखं, ओढल्यासारखं वाटेल. हे न सांगता चिमट्याने दाबून ‘लागतंय का?’ विचारलं तर तो ‘हो’ म्हणणारच आणि विद्यार्थी घाबरून आणखी औषध भरणार. प्रश्न ‘टोचतंय का?’ असा हवा. पू झालेल्या जागी भूल चढत नाही त्याचं कारणही इथेच आहे. पुवामुळे तिथलं वातावरण आम्लधर्मी झालेलं असतं, त्यात औषधाचे रेणू विद्युतभारित राहतात आणि त्यांना आवरण ओलांडता येत नाही. अशा वेळी पुवातच आणखी टोचत बसण्यापेक्षा वर, निरोगी जागी मज्जातंतू गाठायचा.

भूल लागली की अंगठ्याच्या बुडाशी रबरी पट्टी आवळून रक्त थांबवतात. नखाची रुतलेली कड, नखाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी, सरळ मुळापर्यंत कापून फिरवत काढायची. तेवढ्यावर सोडलं तर कड पुन्हा वाढते. म्हणून नख जिथून उगवतं त्या मुळाशी ऐंशी टक्क्यांहून तीव्र फिनॉल कापसाच्या काडीने सुमारे तीन मिनिटं चोळायचं. फिनॉल तिथली उगवण जाळतं, जंतू मारतं आणि मज्जातंतूंची टोकंही बधिर करतं, त्यामुळे नंतर दुखणं कमी. जागा कोरडी हवी. रक्तात फिनॉल फिकं पडतं. भोवतालच्या कातडीला आधी व्हॅसलिन लावून ठेवायचं. हे सगळं वीस मिनिटांत होतं, टाका नाही. पुढे काही आठवडे जागा पाझरत राहते आणि तो पू नसतो, हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण चौथ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन प्रतिजैविकं घेऊन येतो.

या छोट्या कामातली सगळ्यात मोठी चूक सुरीची नसते, रबरी पट्टीची असते. पट्टी काढायची राहिली आणि वर जाड ड्रेसिंग बांधलं, तर बधिर अंगठा तक्रार करत नाही. भूल उतरल्यावर रुग्णाला दुखतं. तो समजतो ऑपरेशनचं दुखणं, गोळी खातो. दुसऱ्या दिवशी अंगठा काळा. हातमोज्याच्या बोटाचं टोक कापून ते गुंडाळत मागे नेण्याची युक्ती सोयीची, पण ते कातडीच्या रंगात मिसळून जातं. म्हणून पट्टीला कायम मोठा आर्टरी चिमटा लावून ठेवायचा, म्हणजे तो काढल्याशिवाय ड्रेसिंग बांधताच येत नाही. बांधल्याची वेळ सिस्टरने फळ्यावर लिहायची आणि अंगठा पुन्हा गुलाबी झालेला दोघांनी बघितल्यावरच कापूस ठेवायचा. डॉक्टर आणि सिस्टर यांना एकत्र शिकवायचं म्हटलं ते यासाठीही.

अंगठ्यावर हात बसला की घोट्याची भूल. तिथे पाच मज्जातंतू गाठायचे असतात. चार मांडीमागून उतरणाऱ्या मोठ्या मज्जातंतूच्या शाखा, पाचवा मांडीच्या पुढच्या बाजूने येणारा. तीन कातडीलगत आहेत, ते सोपे. दोन खोल. त्यातला मोठा आतल्या घोट्याच्या मागे, धमनीच्या जरा मागून जातो आणि जवळजवळ सगळा तळवा त्याच्याच ताब्यात. धमनीचे ठोके बोटाने शोधायचे, ठोक्यांच्या मागच्या बाजूला सुई. इथे पंधरा-वीस मिलिलिटर औषध लागतं, म्हणजे मघाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो आणि पंचेचाळीस किलोच्या बाईला एक टक्क्याच्या औषधातही साडेतेरा मिलिलिटरच्या वर जाता येत नाही. हे काम शिकाऊ डॉक्टरने भूलतज्ज्ञ शेजारी असल्याशिवाय करू नये. कागलहून कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय वीसेक किलोमीटरवर आहे. तिथे पाठवण्यात कमीपणा कसला?

आतापर्यंत बोललो ते ज्याला दुखतं अशा पायाबद्दल. आपल्या भागात खरा गहन विषय आहे न दुखणाऱ्या पायाचा. तिथे भूल द्यावीच लागत नाही.

शुगर जुनी झाली की पायाचे मज्जातंतू टोकाकडून मरत येतात. कुष्ठरोगातही मज्जातंतूच जातात. वेल्लोरला १९४६ मध्ये आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी हे नीट उलगडलं. ते जन्मले तमिळनाडूतल्याच कोल्ली डोंगरांत, १९१४ मध्ये. कुष्ठरुग्णाची बोटं रोगाने झडत नाहीत, तर वेदना नसल्याने तो जखमेवरच चालत राहतो आणि पाय झिजत, कुजत जातो, हे त्यांनी दाखवलं. त्यातून पायाची शस्त्रक्रिया, प्लास्टर घालून जखमेवरचा भार उतरवणं आणि मऊ रबराची चप्पल असा तिहेरी उपाय उभा राहिला. इकडे मिरजेचं डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ चं. त्याच मिरजेत कुष्ठरोगाचं रिचर्डसन रुग्णालय आहे. म्हणजे न दुखणाऱ्या पायाची विद्या कागलपासून फार लांब नव्हती. ती कुष्ठरोगाच्या भिंतीआड राहिली, एवढंच. आता शुगरच्या रुग्णांसाठी तीच विद्या नव्याने शिकावी लागते आहे.

बधिरपणा तपासायला १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा वापरतात. रुग्णाला डोळे मिटायला सांगून धागा तळव्याच्या ठरावीक जागांवर वाकेपर्यंत टेकवायचा. जाणवलं नाही तर त्या पायाचं संरक्षण गेलं. हा १० ग्रॅमचा आकडा ऐंशीच्या दशकात अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयातल्या अभ्यासातून पुढे आला. ब्रँडही उत्तरायुष्यात तिथेच काम करत होते.

आता असा पाय विद्यार्थ्यापुढे ठेवा. अंगठ्याच्या मागच्या उंचवट्याखाली पिवळट, जाड घट्टा, मध्ये काळसर ठिपका. घट्टा म्हणजे कडक झालेली कातडी, आणि बधिर पायात ती आतल्या मांसावर खड्यासारखा दाब टाकत राहते. तो तासून काढला तर तिथला दाब सुमारे एक चतुर्थांशाने उतरतो. साबणाच्या वडीवर शिकलेला पापुद्रा इथे कामाला येतो. पण एक फरक आहे. दुखणाऱ्या पायात सुरी जरा खोल गेली की रुग्ण पाय मागे घेतो. तो शिक्षकाआधी विद्यार्थ्याला थांबवतो. बधिर पायात कोणी थांबवत नाही. रुग्ण मोबाईल बघत बसलेला असतो. त्यामुळे कुठे थांबायचं हे डोळ्यांनी ठरवावं लागतं: पापुद्र्याचा पिवळा रंग जाऊन गुलाबी दिसायला लागला, बारीक लाल ठिपके उमटले, की सुरी खाली. घट्ट्याखाली जखम उघडी पडली तर बोथट सळई घालून खोली बघायची. सळई ‘टक’ करून कठीण गोष्टीला लागली तर हाडापर्यंत जंतू गेल्याची दाट शंका. सुश्रुताच्या पोखरलेल्या लाकडाचा सराव तो हाच.

आणि सुरी उचलण्याआधी कायम रक्तपुरवठा बघायचा. पायाच्या पाठीवर एक ठोका, आतल्या घोट्यामागे दुसरा. लागत नसतील तर हातातलं डॉपलर यंत्र लावून घोट्याचा रक्तदाब हाताच्या दाबाशी ताडून बघायचा. गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल तर पुरवठा अपुरा. शुगरवाल्यांच्या धमन्या चुन्याने कडक झाल्याने हे गुणोत्तर खोटं जास्तही येतं, म्हणून ‘नॉर्मल’ आकडा बघून निर्धास्त व्हायचं नाही. जिथे रक्त पोचत नाही तिथे केलेली चीर भरून येत नाही. काळं, कोरडं पडलेलं बोट दिसलं की ते लगेच काढून टाकावंसं वाटतं. पण आधी रक्तवाहिनीच्या डॉक्टरकडे, मग सुरी. मात्र पाय ओला, वास येणारा, सुजत चाललेला असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात न्यायचं. एक पाय मात्र सगळ्यांना फसवतो. गरम, लाल, सुजलेला, पण जखम नाही आणि फारसा दुखतही नाही. तो पू समजून चिरला जातो. बहुतेक वेळा तो शारको पाय असतो, आतली हाडं आपोआप मोडत चाललेली. फ्रान्सच्या शारको यांनी असे सांधे १८६८ मध्ये वर्णन केले होते. त्याला सुरी नको, प्लास्टर हवं.

महाराष्ट्रात हे शिकवण्याचं काम झालेलं आहे. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे २००४ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘स्टेप बाय स्टेप’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचे एक प्रमुख होते. त्यात भारत, बांगलादेश, श्रीलंका आणि टांझानियातले डॉक्टर आणि परिचारिका प्रशिक्षणाला आले, तेही जोडीने. एकटा डॉक्टर शिकून गेला तर तो बदली होऊन जातो आणि विद्या त्याच्याबरोबर जाते. जोडी शिकली तर निदान एक जण ड्रेसिंगच्या खोलीत उरतो. पुन्हा काही काळाने त्याच जोड्यांना पुढच्या धड्यासाठी बोलवायचं, ही त्यातली दुसरी चांगली गोष्ट. मुंबईत डॉ. अरुण बाळ यांनी मधुमेही पायाच्या शस्त्रक्रियेत आयुष्य घातलं आणि देशपातळीवर डायबेटिक फूट सोसायटी उभी करण्यात पुढाकार घेतला. पाय कापावा लागणं हे नशीब नसून उशिरा आणि अर्धवट शिकल्याचा परिणाम आहे, हे असल्या लोकांच्या कामातून दिसत गेलं.

कागलला मात्र जोडी पुरणार नाही, तिसरा माणूस लागेल, आणि तो तालुक्यातच आहे. सेनापती कापशीची चप्पल नावाजलेली. कोल्हापुरीच्या एका प्रकाराचं नावच कापशी. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. बधिर पायाच्या दृष्टीने या चपलेत एक मोठा गुण आहे: पारंपरिक कोल्हापुरीत खिळा नसतो, चामड्याच्या वादीने शिवलेली असते. न दुखणाऱ्या पायात शिरलेला खिळा आठवडाभर तसाच राहू शकतो, हे ज्याने बघितलंय त्याला या शिवणीची किंमत कळेल. पण दोन दोषही आहेत. तळ कडक असतो, आणि अंगठ्याचं कडं बेचक्यात घासतं. त्यामुळे शुगरवाल्याला आहे तीच कोल्हापुरी घालू द्यावी असं मी म्हणणार नाही. तळाला ब्रँड यांच्या वेल्लोरमधून पुढे आलेल्या सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचा थर, अंगठ्याचं कडं काढून रुंद पट्टा आणि टाचेमागे बंद. कारागिराला हे जमणार नाही असं नाही, फक्त त्याच्यापुढे बसून ते दाखवायला डॉक्टर कापशीला गेला पाहिजे. एवढं केलं तर घट्टा पुन्हा वाढायला वेळ लागतो. नाही केलं तर दर तीन-चार आठवड्यांनी तोच पाय, तीच सुरी.

माप संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभरात पाय सुजतो. दोन्ही पायांची वेगवेगळी आखणी कागदावर, उभं राहून. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच घालायची, मग काढून तळवा आरशात किंवा घरातल्या कोणाकडून बघून घ्यायचा. लाल डाग वीस मिनिटांनी उतरला नाही तर चप्पल परत कारागिराकडे.